शुक्रवारच्या आत खरं करायचं उत्तर

संसद सर्वोच्च आहे, आणि तिच्या समितीपुढे देशातल्या कुठल्याही बँकेला खरं तेच सांगावं लागतं. हे वाक्य मी पूर्ण गांभीर्याने लिहितो आहे. त्या सोमवारी आमच्या म्हैसूरच्या रीजनल ऑफिसात ह्याच समितीच्या स्वागताच्या तयारीची मीटिंग चालू होती, आणि सकाळपासून चर्चा एकाच विषयावर अडली होती. पाहुण्यांना घालायच्या जरीच्या म्हैसुरी पगड्या कुठल्या मापाच्या आणायच्या? अध्यक्षांचं डोकं केवढं आहे हे दिल्लीहून कोणी सांगत नव्हतं.

मी तेव्हा रिकव्हरीचा चीफ मॅनेजर होतो. रिकव्हरी म्हणजे थकलेली कर्जं वसूल करणारा विभाग. कोल्हापूरहून बदली होऊन आलेला, कन्नड कामापुरतं येणारा. समितीचा अभ्यासदौरा माझ्याच विषयावर होता. घरकर्जाचे हप्ते थकलेल्या माणसांशी बँका कशा वागतात, हे खासदार पाहणार होते. म्हैसूर का निवडलं, हे विचारायचं नसतं. दसरा नुकताच झाला होता, मिरवणूक संपते त्या बन्नीमंटपच्या मैदानावरचे मांडवाचे बांबू अजून निघत होते, आणि हवा सुखद होती.

पगड्यांचा प्रश्न दुपारवर गेला तेव्हा मी हेड ऑफिसने समितीला पाठवलेली लेखी उत्तरं वाचायला घेतली. ती आमच्याकडे फक्त माहितीसाठी आली होती. एक प्रश्न होता: घराचा ताबा घेण्याआधी कर्जदाराचं घर वाचावं म्हणून बँक काय करते? उत्तरात लिहिलं होतं की वरिष्ठ अधिकारी स्वतः कर्जदाराच्या घरी जातो, त्याची अडचण समजून घेतो, आणि कमी केलेल्या हप्त्याचा लेखी प्रस्ताव देतो. त्यानंतरच, नाइलाजाने, पुढची कारवाई होते.

मी ते दोनदा वाचलं. मग ऑफिस सहायकाला चहा सांगितला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. तीन महिने हप्ता आला नाही की कर्ज एनपीए होतं, म्हणजे बँकेच्या हिशेबात आजारी पडतं. मग सरफेसी नावाच्या कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस जाते. ह्या कायद्याने बँकेला कोर्टात न जाता घर ताब्यात घेता येतं. आधी कागदोपत्री ताबा, म्हणजे दारावर नोटीस चिकटवायची आणि पेपरात छापायची. मग डीसी ऑफिसचा, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टर कचेरीचा, आदेश घेऊन पोलीस, पंच आणि कुलूप. ह्या सगळ्यात सहानुभूतीने कोणी कुणाच्या घरी गेल्याचं मला आठवत नव्हतं. आणि आठवायला हवं होतं, कारण जाणारा वरिष्ठ अधिकारी मीच.

रीजनल मॅनेजर शेट्टीसाहेबांकडे कागद घेऊन गेलो. भला माणूस, पण त्यांना शांत बसवत नसे. केबिनमध्ये येरझाऱ्या घालतच ऐकत.

"सर, ह्यातली घरभेट आपण कधी केली?"

"जातो की आपण घरी."

"नोटीस चिकटवायला जातो."

"म्हणजे जातो."

संध्याकाळी दिल्लीहून मेल आला. जिल्ह्यात ह्या महिन्यात कुठल्या घरांचा ताबा ठरला आहे ती यादी द्या, आणि त्यातल्या एकदोन कर्जदारांना शुक्रवारच्या बैठकीला बोलवा. यादी छोटी होती, आणि शेट्टीसाहेबांनी ती न वाचताच पाठवून दिली. पहिलंच नाव अग्रहार ह्या जुन्या वस्तीतल्या रुक्मिणीबाईंचं. ताबा गुरुवारी, पोलीस बंदोबस्तासह.

मी ते दाखवलं तेव्हा शेट्टीसाहेब खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. मग त्यांनी आमच्या धंद्यातला नेहमीचा उपाय सांगितला. कुठलीही तपासणी आली की लिलाव, ताबे, कुलपं सगळं चार दिवस थांबवायचं. पाहुणे गेले की पुन्हा सुरू. रुक्मिणीबाईंचा ताबा गुरुवारऐवजी सोमवारी घ्यावा, असं त्यांनी सुचवलं. सोमवारी समिती उटीला असणार होती.

म्हणजे बाईचं घर जायचं होतंच, फक्त खासदारांच्या पाठीमागे. मी म्हटलं, प्रश्न सोमवारचा नाही, उत्तराचा आहे. संसदेच्या समितीला चुकीचं सांगणं हा विशेषाधिकारभंग ठरू शकतो. शुक्रवारी बाईंनी सांगितलं की घरी कोणी आलंच नाही, तर काय करायचं?

"मग बोलवू नका त्यांना."

"नाव यादीत आहे, सर. यादी तुम्हीच पाठवलीत."

ते खुर्चीत बसले. मी त्यांना बसलेलं फार क्वचित पाहिलं होतं.

मार्ग एकच दिसत होता. उत्तर बदलता येत नव्हतं, तेव्हा शुक्रवारच्या आत ते खरं करायचं. हप्ता कमी करून मुदत वाढवायचा अधिकार मुंबईच्या जनरल मॅनेजरांचा. असा प्रस्ताव एरवी टेबलांवरून फिरत सहा महिन्यांनी नामंजूर होऊन येतो. मी त्यांना फोन लावला. त्यांनी आधी मला नियम ऐकवले, मग कामाचा ताण ऐकवला, मग विचारलं की घाई कसली. मी त्यांना उत्तराचा तो परिच्छेद वाचून दाखवला.

"खाली सही कोणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"आपली, सर."

मंगळवारी दुपारी मंजुरी आली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या वेगाने आलेलं दुसरं काही मला आठवत नाही.

बुधवारी सकाळी मी अग्रहारात गेलो. रुक्मिणीबाई साठीच्या जवळपास, नवरा नसलेली. खाली शिवणाचं दुकान, वर दोन खोल्या, त्या कर्जावर बांधलेल्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात शिवण करणारं. घरातलं मराठी जुनं, आणि मध्येमध्ये कन्नड. दारावर आमची नोटीस होती. तिच्यावर कोणीतरी हळदकुंकवाची दोन बोटं ओढली होती, चौकटीवर ओढतात तशी.

"काय सार, आज काय चिकटवायला आणलं?"

"काही नाही अक्का. चहा प्यायला आलो."

"अय्यो. नोटीस घेऊन येता तेव्हा कळतं तरी काय ते. चहाला आलात तर जास्त भीती वाटते."

चहा मात्र त्यांनी केला. मी आजूबाजूला पाहिलं. दुकान रिकामं होतं. दोन मशिनी झाकलेल्या, फळीवर एकही कापड नाही. फाइलमध्ये लिहिलं होतं, 'धंदा बंद, परतफेडीची इच्छा दिसत नाही.' ते वाक्य माझ्याच विभागाचं. मी विचारलं, धंदा का बंद केलात?

"बंद कुठे केला? थांबवला. तुम्ही सील केलं तर आतलं सगळं आतच राहणार ना? लोकांचे लग्नाचे ब्लाऊज असतात, सार. कुणाचं आईच्या साडीतलं कापड. ते अडकलं तर मी रस्त्यात तोंड कसं दाखवू? म्हणून नोटीस लागली त्या दिवसापासून नवीन कापड घेतलं नाही. होतं ते सगळं घरोघर परत दिलं. सुम्ने कशाला लोकांना त्रास."

सुम्ने म्हणजे उगाच.

मी चहाचा कप खाली ठेवला. एका शाळेचे गणवेश शिवायचं काम हातचं गेलं म्हणून त्यांचे पहिले हप्ते थकले होते, एवढं फाइलमध्ये होतं. पण पुढचे सगळे हप्ते आमच्या नोटिशीने थकवले होते. आम्ही पैसे मागायला कागद लावला आणि त्या कागदानेच पैसे यायचे थांबले. आजूबाजूच्या गल्ल्यांत शिंप्यांची आणखी घरं होती. त्यांतल्या दोन घरांच्या दारांवर आमच्या नोटिशी होत्या. तिथेही फळ्या रिकाम्या असणार, हे मला तिथे बसल्याबसल्या कळलं, आणि मग चहा संपेना.

मी प्रस्ताव पुढे केला. हप्ता निम्म्याच्या आसपास, मुदत वाढवलेली. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"हे सगळं कशामुळे?"

मी खरं सांगितलं. दिल्लीहून खासदार येताहेत, शुक्रवारी, तुम्हालाही बोलावलं आहे.

"आणि ते गेल्यावर?"

"हा कागद राहील."

"पोलिसांचा कागद पण राहील ना, डीसी ऑफिसातला?"

तो राहणारच होता. शेट्टीसाहेबांनी ताबा पुढे ढकलला होता, रद्द केला नव्हता.

"तो काढून आणा," त्या म्हणाल्या. "मग मी कापड घेते. कापड घेतलं तरच हप्ता येतो. इस्टे, एवढंच."

परत आलो तेव्हा शेट्टीसाहेबांच्या डोक्यावर नमुन्याची पगडी होती आणि दुकानदार मागून गाठ बसवत होता. मी म्हटलं, ताब्याचा अर्ज मागे घ्यायच्या पत्रावर सही हवी. ते म्हणाले, एवढं कशाला? मी म्हटलं, समितीने विचारलं की हप्ता कमी करून दिल्यावरही पोलिसांचा आदेश चालू कसा, तर उत्तर तुम्हाला द्यायचं आहे. त्यांनी मान हलवायचा प्रयत्न केला, दुकानदाराने ती धरून ठेवली. सही त्यांनी कागदाकडे न पाहताच केली.

शुक्रवारी समिती राजवाडा पाहून आली, त्यामुळे उशीर झाला. हार झाले, पगड्या झाल्या. अध्यक्षांची डोळ्यांवर येत होती. मग प्रश्न सुरू झाले, बहुतेक त्यांच्या त्यांच्या मतदारसंघातल्या शाखांचे. रुक्मिणीबाई मागच्या रांगेत रेशमी साडी नेसून ताठ बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहणं टाळत होतो.

एक महिला खासदार इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी पगडी काढून टेबलावर ठेवली आणि थेट बाईंना विचारलं, "बँकेचे अधिकारी तुमच्या घरी आले होते?"

"आले होते," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "परवा."

बैठकीसाठी मुंबईहून आलेले जनरल मॅनेजर माझ्याकडे पाहू लागले. मी उठलो आणि म्हणालो की लेखी उत्तरात ताब्याआधी भेट असं म्हटलं आहे. ताबा कालचा ठरला होता. भेट परवा झाली.

खासदारबाई हसल्या नाहीत. "आणि आम्ही येणार नसतो तर?"

जनरल मॅनेजर म्हणाले की प्रश्न काल्पनिक आहे.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग काल्पनिक नसलेलं सांगा. जिल्ह्यात ज्यांच्या दारावर तुमची नोटीस आहे, त्या प्रत्येकाकडे कोण गेलं, कधी गेलं, काय ठरलं, हे पंधरा दिवसांत लेखी पाठवा. सहीनिशी."

मग जेवण तयार असल्याचं कोणीतरी सांगितलं.

ते पंधरा दिवस मी घरी फक्त झोपायला होतो. अग्रहारातल्या गल्ल्या झाल्या, पार बन्नूरपर्यंत जाऊन आलो. सगळीकडे बरं झालं असं नाही. काही घरं बंद होती, काहींनी दार उघडलं नाही, एकाने माझ्यामागे कुत्रा सोडला. पण शिंप्यांच्या त्या दोन्ही घरांचे ताबे थांबले. रुक्मिणीबाईंनी आठवड्याच्या आत कापड घ्यायला सुरुवात केली आणि पुढचे हप्ते वेळेवर भरले. नोटीस त्यांनी स्वतः पाण्याने भिजवून काढली. हळदकुंकू राहू दिलं.

मी ह्यातून शिकलो ते एवढंच, की बँकेला सहानुभूती शिकवता येत नाही, पण सहीनिशी उत्तर मागता येतं. कामाला तेवढं पुरतं.

समितीचा अहवाल पुढच्या वर्षी दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवला गेला. त्यात आमच्या घरभेटींचा 'बँकेची प्रस्थापित पद्धत' असा गौरवाने उल्लेख आहे, आणि इतर बँकांनी ती स्वीकारावी अशी शिफारसही आहे. त्याच आठवड्यात माझं त्या भेटींच्या प्रवासखर्चाचं बिल ऑडिटने परत पाठवलं. शेरा होता: बँकेच्या नियमावलीत अशा भेटींची तरतूद नाही. मी अहवालातल्या त्या पानाची झेरॉक्स जोडून बिल पुन्हा सादर केलं. मी निवृत्त झालो तेव्हा ते विचाराधीन होतं.