काकांचे समोरचे दोन दात

माझ्या मावशीचे यजमान जगातल्या कुठल्याही वस्तूचा रंग नेमका सांगू शकत, आणि कुठल्याही माणसाला तो ऐकायला लावू शकत. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ते शेड जुळवायच्या खात्यात होते. गिऱ्हाईकाने पाठवलेला कापडाचा तुकडा आणि कारखान्यात तयार झालेला रंग एकच आहे का, हे खिडकीपाशी उभं राहून ठरवायचं, एवढंच त्यांचं काम. पण ते काम पाचच्या भोंग्याला सुटत नसे. कात्रपच्या घरी चहा आला की कप उजेडाकडे धरून काका म्हणत, "कालच्यापेक्षा जरा लाइट आहे." मावशी म्हणायची, "प्या, नाहीतर ठेवा." साडी घ्यायला उल्हासनगरला गेले की साडी दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघत, दुकानदार बिचारा दुसरं टोक धरून फुटपाथपर्यंत येई. सोसायटीची बिल्डिंग रंगवली तेव्हा मागची भिंत वेगळ्या डब्यातली आहे हे त्यांनी शोधून काढलं, आणि पेंटरने ते कबूल करेपर्यंत त्याला परांचीवरून उतरू दिलं नाही.

अशा माणसाच्या स्वतःच्या दातांवर मात्र तपकिरी पट्टे होते, आणि त्या एका रंगाबद्दल ते अवाक्षर काढत नसत. ते हसतच नसत असं नाही. विनोद झाला की उजवा हात रुमालासकट तोंडावर जाई, डोळे मिटत आणि खांदे गदागदा हलत. आवाज अजिबात नाही. एकदा कारखान्यात कुणीतरी नवीन साहेबाची नक्कल केली, आणि नेमका तोच साहेब तिथून जात होता. त्याला वाटलं हे रडताहेत. त्याने काही न विचारता त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि अर्ध्या दिवसाची रजा दिली. काका मुकाट्याने घरी आले. खरं काय ते सांगायचं तर दात दाखवावे लागले असते.

मी उल्हासनगरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो, म्हणजे नव्वद सालानंतरची ही गोष्ट. काकांच्या एकुलत्या एका मुलीला, सुजाताला, बघायला उल्हासनगरच्याच कॅम्प चारमधली मंडळी आली होती. मीही होतो. जय भीम झाला, पोहे झाले, मुलगा काहीतरी गमतीचं बोलला आणि सुजाता हसली. हसताना तिचा हात तोंडावर गेला. दुसऱ्यांदा हसली, पुन्हा हात. मुलाची आई सरळ बाई होती. तिने विचारलं, "मुलीच्या दातांना काही झालंय का? नाही, आधीच विचारलेलं बरं." मावशीचा चेहरा उतरला. सुजाताने हात खाली घेतला आणि दात दाखवले. मोत्यासारखे होते. बाई खजील झाल्या, माफी मागितली, आणि जायच्या आधी पसंतीही कळवून गेल्या. पण काका सगळा वेळ खाली बघत होते.

पाहुणे गेल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावलं. "तू तोंडावर हात का ठेवतेस?"

सुजाता जरा गोंधळली. "का म्हणजे? आपल्याकडे असंच हसतात ना?"

पुढच्या रविवारी काका मला घेऊन कॅम्प चारमधल्या एका सिंधी दातांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हातारे आणि सरळ बोलणारे होते. त्यांनी आधी गाव विचारलं, मग विहिरीचं पाणी प्यायचात का ते विचारलं. "पानी का दाग है साहब, अंदर का है. दोन रस्ते आहेत. एक ब्लीच. पिवळेपणा कमी होईल, पट्टे पूरे जातील ह्याची गॅरंटी नाही. दुसरा, व्हेनीअर. दात समोरून थोडा घासून त्याच्यावर चिनीमातीची पातळ चकती चिकटवायची. एकदम फर्स्ट क्लास दिसेल."

"घासलेला दात परत येतो?" काकांनी विचारलं.

"नहीं साहब. गया तो गया."

काका तीन आठवडे विचारात होते. कारखान्यातल्या ब्लीचिंगवाल्याला विचारलं, लादी बसवणाऱ्या मिस्त्रीला विचारलं, खालच्या मजल्यावरच्या शिक्षकांना तर त्यांच्या स्वतःच्या दातांबद्दल इतकं विचारलं की ते मागच्या जिन्याने जाऊ लागले. मावशीलाही विचारलं. ती पोळ्या लाटत होती. "मला काय विचारता? एवढ्या वर्षांत तुम्ही दाखवलेत कुठे?" ती म्हणाली. लग्नाची तारीख जवळ येत होती. आमच्याकडे लग्नात नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत असतात, मुलीचा बापही. आणि पांढऱ्याशेजारी पिवळं दुप्पट पिवळं दिसतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

शेवटी त्यांनी धंद्यातल्या माणसासारखा निर्णय घेतला. "आधी ब्लीच. ते फसलं तर चकती लावता येते. आधी चकती लावली तर मागे फिरता येत नाही." ब्लीचचे दिवस घरादाराने काढले. चहा बंद, हळद बंद. काका दहीभात खात आणि मावशीच्या ताटातल्या आमटीकडे बघत. गार पाण्याने दातांतून कळ जाई, तेव्हा डोळे मिटून बसत. पिवळेपणा खरोखर गेला. पण वरच्या मधल्या दोन दातांवरचे पट्टे हलले नाहीत, उलट आता जास्तच उठून दिसू लागले. त्या दोन दातांना चकत्या लावायच्या ठरल्या.

डॉक्टरांनी खोट्या दातांची पट्टी काढली. पांढऱ्याचे पंधरा-सोळा प्रकार एका रांगेत! काकांचा चेहरा असा उजळला की मला त्यांचा हेवा वाटला. डॉक्टरांनी सगळ्यात पांढरा दाखवला. "हा नको, ट्यूबलाइटचा आहे," असं म्हणत काका पट्टी घेऊन दवाखान्याबाहेर उन्हात गेले. त्यांच्या मागे डॉक्टर, हातात आरसा. रस्त्यावर अर्धा तास दोघांची हुज्जत चालली. मुंबईहून बनून आलेल्या पहिल्या चकत्या काकांनी परत पाठवल्या, "निळ्यावर जाताहेत" म्हणून. दुसऱ्या आल्या त्या मात्र अशा बसल्या की डॉक्टरांनाच शोधाव्या लागल्या. "साहब, नोकरी छोडो, मेरे पास आ जाओ," ते म्हणाले.

लग्नात काका पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभे होते आणि फोटोग्राफर ओरडत होता, "काका, हात खाली!" दात बदलले तरी हाताला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या वेळी सुजाताने त्यांचा उजवा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. तेवढ्यात मुलाची आई काकांकडे बोट दाखवत मावशीला म्हणाली, "बघा, मुलीला उगीच विचारलं मी. खरं तर ह्यांना विचारायला हवं होतं." काका हसले. बारीक, चिरका, न थांबणारा आवाज निघाला. मंडपातली माणसं वळून बघू लागली. सुजाताही हसत होती, हात न सोडता. मावशी मात्र पदराने डोळे पुसत बसली.

पुढच्या वर्षी काका गावी जाऊन आले. मी भेटायला गेलो तेव्हा मावशी सुजाताकडे गेली होती आणि ते एकटेच गॅलरीत बसले होते. थोरल्या भावाचे दात त्यांच्यासारखेच होते, तेही करून द्यावेत म्हणून ते गेले होते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाला, मला कशाला? आणि हसला. असा तोंड उघडून, मोठ्याने."

काकांनी हातातला रुमाल गुडघ्यावर पसरला. मग हळूच म्हणाले, "चांगला दिसत होता रे."