पितरपाटातला झेंडा

“गुरुजी, पितरपाटात कुठं झेंडावंदन असतंय का?”

मारोती पाटलांनी अडकित्ता खाली ठेवला, तेव्हाच मी ओळखलं, आपला प्रोग्रॅम गेला.

साल सत्तावन. मी मूळचा सेलूचा, पेडगावच्या चौथीपर्यंतच्या शाळेत मास्तर. शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना निजामी गेली तरी आम्ही डिप्टी साहेबच म्हणायचो. ते बजावून गेले होते, “सतरा सप्टेंबरला येतो. झेंडावंदन करा. गाव शाळेत आलेलं दिसलं तर पाचवीची शिफारस करीन. नाहीतर पुढं बघू.” पाचवी नाही म्हणजे परभणी गाठायची. मुलगे कसेबसे जात. मुलींना कोण पाठवतो? त्या चौथी झाली की गोवऱ्या थापायला.

मला दिनविशेषाचा भारी नाद. दिनविशेष म्हणजे, आजच्या तारखेला पूर्वी कुठल्या साली काय घडलं ते शाळेबाहेरच्या फळ्यावर लिहायचं. चौदा जुलैला मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, ‘आजच्या दिवशी पॅरिसच्या लोकांनी राजाचा तुरुंग फोडला.’ पाटलांनी चष्मा सावरून वाचलं आणि विचारलं, “आपल्या इकडचं कोन होतं का त्यात?”

“नाही.”

“मंग ऱ्हाऊ द्या.”

सतरा सप्टेंबर तर इकडचाच दिवस. अठ्ठेचाळीस साली त्या दिवशी निजाम सरकारनं हार पत्करली आणि आम्ही भारतात आलो. पण त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, आणि गावानं लक्षात ठेवली ती तिथी. त्यामुळे पेडगाव दरवर्षी गणपती बोळवतानाच दुप्पट गुलाल उधळून मोकळं होई. तिथी मागंपुढं होते, तारीख जागची हलत नाही. सत्तावनला गणपती कधीच गेले होते आणि सतरा तारीख नेमकी पितरपाटात, म्हणजे पितृपक्षात, येत होती. घरोघरी मेलेल्या माणसांच्या नावानं पानं वाढायचे ते दिवस. त्यात गुलाल नाही, वाजंत्री नाही, नवं काही नाही.

“आमी गनपतीलाच केलंय की साजरं,” पाटील म्हणाले.

मी इतिहास सांगितला, पाचवीचं सांगितलं, शेवटी हात जोडले.

“पाचवी पायजेच हो, गुरुजी. पन पितर कोपले तर?”

आमच्या ट्रेनिंगमध्ये पितरांचा पाठ नव्हता, मी उठून शाळेची वाट धरली.

सतराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी हिरमुसून फळा लिहीत होतो. राधाबाई गवताचा भारा घेऊन चालली होती, ती थांबली. तिचा थोरला, विठ्ठल, रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीपलीकडे वऱ्हाडातल्या कॅम्पात लढायला गेला, तो परत आलाच नाही. कुठं पडला, कधी पडला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

“काय लिवायलाव, गुरुजी?”

“निजामी संपली तो दिवस, राधाबाई. उद्याची तारीख.”

तिनं भारा खाली टेकवला. “माझ्या विठ्ठलला तिथी न्हाई बघा. म्हून सर्वपित्रीला, ज्यांचं काईच ठावं न्हाई त्यांच्यात त्याला वाढायलेय. इतकी वरसं. ही तुमची तारीख देता का त्याला?”

माझे डोळे भरून आले, ते लपवलेही नाहीत. खाली जागा होती, तिथं लिहिलं, ‘विठ्ठल, राधाबाईचा, पेडगाव.’

ती तशीच पाटलांच्या ओट्यावर गेली. मी मागोमाग.

“पाटील, उद्या माझ्या विठ्ठलचं पान शाळेत हाय. गुलाल नगं, वाजंत्री नगं. पितरपाटात पान वाढायला काय आडचन?”

पाटलांनी सुपारी गालात सारली. मग म्हणाले, “आडचन कशाची, बाई? खीर माझ्या घरची.”

दुसऱ्या दिवशी डिप्टी साहेब टांग्यातून उतरले, तर पटांगणात अख्खं गाव. बायकासुद्धा. ज्याच्या त्याच्या हातात झाकलेलं ताट. झेंडा गुपचूप वर गेला. राधाबाईनं काठीपासून थोडं दूर पत्रावळ मांडली. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी. आणि सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहिले. साहेबांनी भाषणाचा कागद काढला, इकडंतिकडं पाहिलं आणि मुकाट्यानं परत खिशात घातला. टोपी काढून तेही उभे राहिले.

लिंबावरून कावळा उतरला. वड्याला चोच लागली तशी राधाबाईनं हात जोडले. “आला गं माझा,” एवढंच म्हणाली.

“मास्तर, हा कोणता कार्यक्रम?” साहेबांनी हळूच विचारलं.

“साहेब, तुम्ही म्हणाला होता ना, गाव शाळेत आलेलं दिसलं पाहिजे?”

साहेब पंगतीला बसले आणि खीर दोनदा मागून घेतली. भाषण राहिलंच. पुढच्या जूनमध्ये पाचवीचा वर्ग आला.

त्या दिवशी जाताना पाटील फळ्यापाशी थांबले. वरची घटना त्यांनी भरकन वाचली. खालच्या ओळीवर मात्र बोट ठेवून, अक्षर पुसणार नाही इतक्या बेतानं, वाचत राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “हां. आता कसं, आपल्या इकडचं झालं.”

दिनविशेष लिहिणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. घटना कितीही मोठी असो, खाली एका नावापुरती जागा सोडावी.