वसमतचे ग्रह आणि माझा प्रोग्राम

आता मोबाइलवर बोट टेकवलं की पत्रिका हजर! आमच्या वेळी एकेका पत्रिकेमागे एकेक भांडण असायचं, म्हणून किस्से आपोआप साठत गेले.

वसमतच्या बाजारात माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. पत्रिकेचा प्रोग्राम मी स्वतः बेसिकमध्ये लिहिला होता. तो तपासायला जोशी गुरुजी आणि खोड्या काढायला विज्ञानाचे कदम सर. गुरुजींना प्रोग्राम पटणं मला फार गरजेचं होतं, कारण त्यांची मुलगी सुनंदा मला आवडायची. तिलाही मी आवडायचो. पण गुरुजींना विचारणार कोण!

*

पहिली पत्रिका गुरुजींचीच काढली. ते ओरडले, "अरे, माझा सूर्य पुढच्या राशीत काहून गेला?"

गणित मी इंग्रजी पुस्तकातून उचललं होतं, आणि त्यांची मोजणी वेगळी. सर खूश! "गुरुजी, मशीन बराबर हाय. तुमचं पंचांगच मागं राहिलं."

मी एका ओळीत अयनांशाची, म्हणजे दोन्ही मोजण्यांतल्या फरकाची, वजाबाकी घातली आणि अख्खं वसमत आपापल्या राशीत परत गेलं.

*

दसऱ्याला "यंत्राची पूजा नको?" म्हणत गुरुजींनी फ्लॉपीच्या फटीत चिमूटभर हळद सोडली. फ्लॉपी बाहेर आली ती पिवळीधमक. प्रोग्राम गायब!

गुरुजी शांत. "दुसरी प्रत हाय ना? मंग हा प्रसाद समज!"

*

सरांनी एकदा गच्चीवर दुर्बिणीतून गुरुजींना शनी दाखवला. गुरुजींनी चपला काढल्या, डोळा लावला आणि बराच वेळ हललेच नाहीत.

"सर, जन्मभर याच्या नावानं लोकांना भ्या घातलं. अन् हा तर केवढा देखणा हाय हो!"

*

पुसेगावचे एक काका घरातल्या सगळ्यांच्या तारखा घेऊन आले. प्रत्येक पत्रिकेत सूर्य वृषभेतच! गुरुजी घाबरले, "माधवा, तुझ्या मशीनमंदी सूर्य अडकला!"

सरांनी तारखा पाहिल्या. सगळ्या एक जूनच्या, शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेल्या!

गुरुजी भडकले, "खोट्या तारखेवर ग्रह मांडायचे न्हाईत! माझ्यासमोर तर न्हाईच न्हाई!"

*

शेवटी सुनंदानंच घरी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी गुरुजी दुकानात येऊन बसले. "दोघांच्या तारखा टाक. मशीन म्हणंल तसं."

माझी खरी तारीख त्यांना पाठ होती, माझी पत्रिका त्यांनीच मांडलेली. मी बटण दाबलं. छत्तीसपैकी गुण जुळले सात!

प्रोग्राममध्ये चूक नव्हती, हेच तर दुःख.

गुरुजींनी स्क्रीन वाचली. चष्मा काढला, उपरण्यानं सावकाश पुसला, पुन्हा घातला.

"माधवा, शाळेत तुझी तारीख काय लागली रे?"

"एक जून."

"मंग तीच टाक की!"