मोरपंखी साडीवर मेहंदी पोलकं

जठारपेठेतल्या मॅचिंग सेंटरमध्ये पुंजारामच्या नजरेचा भारी दरारा. बाईनं पिशवीतून साडीचा पदर चिमूटभर दाखवावा, की याचा हात बावन्न हिरव्यांतून नेमका हिरवा उचलणार. पंचवीस वर्षं हाच तोरा.

मागच्या वर्षी मात्र मन उगाचच खचलं, आणि मनाबरोबर रंगही उतरले. मोरपंखी मळकट दिसे, राणी रंग आजारी. खापर त्यानं आधी दुकानातल्या दिव्यांवर फोडलं, मग "सालेहो कच्चेच रंग पाठवून राहिले" म्हणत गिरणीवाल्यांवर. दोघी जणी कापड परत घेऊन आल्या, तेव्हा मालक धर्मेंद्रभाऊ म्हणाले, "पुंजाराम, दिवाळी तं झाली, आता दोन-चार महिने पायतो. नाईतर तू गोदामच सांभाळ." गोदाम म्हणजे काउंटर गेलं, आणि तोराही.

बायको जमुनानं त्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, उदासीत काहींना रंगही फिके वाटतात. गोळ्या घ्या, धीर धरा. पहिल्या आठवड्यात गोळ्यांनी जवळचं सगळं धूसर! "होती तेबी नजर गेली," म्हणून तो गोळ्या फेकायला निघाला. डॉक्टरांनी फोनवर समजावलं, हा त्रास ओसरेल, आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका. जमुना मात्र गोळी गिळेपर्यंत समोरून हलत नसे.

पाचव्या आठवड्यात ती डबा घेऊन दुकानात आली आणि पुंजाराम ओरडला, "थांब व! मोरपंखी साडीवर मेहंदी पोलकं? कोण्या गाढवानं देल्लं तुले?"

"तुमीच. दिवाळीले."

पुंजाराम ओशाळला. त्यानं फळीवरून एक तुकडा ओढला. धर्मेंद्रभाऊंनी तो दारातल्या उन्हात नेऊन तिच्या पदराला लावला. तसूभर फरक नव्हता. "काउंटर तुयंच," ते म्हणाले.

"पण तू हे घालून काहून फिरून राहिली व?" पुंजारामनं जमुनाला विचारलं.

जमुना हळूच म्हणाली, "दोघी कापड वापस घेऊन आल्या ना, मंग मी हेच घालून गल्लीभर फिरली. म्हटलं, नवीन फॅशन हाय. तिसरी आली काय वापस कराले?"

खरंच, तिसरी आली नव्हती. उलट चौघी तसंच पोलकं मागून गेल्या होत्या, आणि आता कुणी कापड परत आणत नाही म्हणून तो शहाणा आपल्याच नजरेची पाठ थोपटत बसला होता. त्याचे डोळे भरून आले. त्यानं नवा तुकडा तिच्यापुढं धरला.

"राहू द्या," जमुना म्हणाली. "मी आता हे बदललं, तर त्या चौघी कुठं तोंड दाखवतीन?"