काकूच्या मागाची जागा

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला तर माझ्या चपलांच्या आवाजावरून कळतं मी कुठून आलो ते. एकदा भंडाऱ्याहून परतताना बसमधल्या एका अनोळखी माणसाला सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मोहाडी आलं आणि तो उतरून गेला. मला हायसं वाटलं. असल्या गोष्टीचं हायसं वाटावं?

आमचं घर आंधळगावचं, विणकराचं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. मी आयटीआय करून आलो होतो आणि माग चालवायचा नाही हे डोक्यात पक्कं होतं. बाबांच्या मागाची लाकडं मी केव्हाच माळ्यावर चढवली होती. ओसरीत वेल्डिंगचं मशीन मांडलं, खांबाजवळ ग्राइंडर, एक जुनं ड्रिल मशीन, आणि ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा — तो कुठून आला ते विचारू नका. खिडकीच्या जाळ्या, गेटं, धानाच्या मळणीयंत्राचे तुटलेले भाग, असं काम येऊ लागलं. मी खूश होतो. खरं म्हणजे फुगलो होतो.

ओसरीसमोर आंगण, आणि आंगणापलीकडे काकूची खोली. काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको. काका गेले, एकुलती एक मुलगी पवनीला दिली, आणि काकू आपल्या मागावर राहिली. माग जुन्या पद्धतीचा — जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं. उजेड यावा म्हणून तो दारातच होता. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीला ती करवतकाठ विणायची. काठावर करवतीसारखे दात असतात, आणि काकूच्या काठात एक दात दुसऱ्याहून सुतभर लहानमोठा दाखवून द्यावा कोणी. नागपूरचे व्यापारी तिच्या साडीसाठी महिना महिना थांबायचे. आमच्या घरात तिच्याशी कोणी वर आवाज करून बोलत नसे, ते त्या मागामुळे.

आता मांडणी लक्षात घ्या. माझं मशीन ओसरीत, काकूचं तोंड ओसरीकडे. मध्ये मोकळं आंगण, दहा-बारा पावलांचं.

वेल्डिंगच्या जागेला आडोसा करायचा, हे आयटीआयत पहिल्याच आठवड्यात शिकवतात. सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. स्वतः काच लावून काम करता, पण शेजारच्याच्या डोळ्यांवर काच नसते, असं ते म्हणायचे. माझ्याकडे टिनाचा पत्रा होता, परसात पडलेला. उभा करायला अर्धा तास लागला असता. मग का केला नाही? कारण आंगणाच्या कडेनं रस्ता जातो. माझ्या दुकानाला पाटी नव्हती. तो निळा उजेड रस्त्यावरून दिसायचा, माणसं सायकल थांबवून बघायची — मला ते आवडायचं. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

महिनाभरात काकूचे डोळे चुरचुरायला लागले. पाणी गळायचं, डोळ्यात वाळू गेल्यासारखं व्हायचं. गुलाबपाणी झालं, कच्च्या बटाट्याच्या चकत्या झाल्या. मला कळलं नाही असं इथे लिहिता आलं असतं. पण सुरुवातीच्या दिवसांत काच न लावता वेल्डिंगचे दोन-चार टाके मारून मी स्वतः तेच भोगलं होतं. दुसऱ्या दिवशी डोळे उघडवत नव्हते, आणि बायकोनं त्याच बटाट्याच्या चकत्या माझ्या डोळ्यांवर ठेवल्या होत्या. काकूला बघितल्याबरोबर मी ओळखलं.

ओळखलं आणि गप्प बसलो. पत्रा आज लावू, उद्या लावू.

त्याच सुमारास नागपूरला लोखंड कातायचं एक जुनं लेथ मशीन विकायला निघालं होतं. लेथ आलं म्हणजे माणूस नुसता वेल्डर राहत नाही, मिस्त्री होतो. पण त्याला पक्की जमीन हवी, डोक्यावर छप्पर हवं, आणि ओसरीत ते मावत नव्हतं. मी टेप घेऊन घरभर फिरलो. काकू दुपारी जेवायला आमच्या घरात गेली असताना तिची खोलीही मोजली. लेथ बरोबर बसत होतं.

आता सांगा, त्यानंतर मी पत्रा लावला नाही तो आळसानं? मला वाटतं नाही. मी मनाशी असं कधी म्हटलं नाही, शब्द कधी येऊ दिले नाहीत. पण त्या दिवसांत मी जाळ्यांचं काम ओसरीच्या आणखी कडेला, काकूच्या दाराकडे, आणून करत होतो. हात जिकडे जायचे तिकडे जात होते.

काकूला वेडी समजू नका. तिनं विचारलं मला. हातात आडव्या सुताचा धोटा तसाच धरून दारातून म्हणाली, "बाबू, तुह्या त्या उजेडानं तं नाही होऊन राहिलं न हे?"

मी म्हटलं, "नाही काकू. तो उजेड जवळच्याले लागते. इतक्या दूर काय होते? तुह्यं वय झालं, अन् मागावर डोळे फोडून राहिली तू."

ती तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. तिनं मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास होता, शिकलेला पोरगा म्हणून. भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो असं मी दोन-तीनदा म्हटलं आणि नेलं नाही. डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारेल ते मला माहीत होतं.

आमच्या घरचा एक नेम आहे — मागावर ताणा, म्हणजे ताणलेलं उभं सूत, अर्धा टाकून उठायचं नाही. लावलेला ताणा विणून संपवायचा, मगच माग सोडायचा. माझं ऐकून काकूनं माग सोडायचं ठरवलं तेव्हा ताण्यावर एक साडी बाकी होती. ती तिनं पूर्ण केली. डोळ्यांना पदर लावत, बोटांनी सूत चाचपत, रोज थोडी थोडी. त्या साडीचे दात मात्र सरळ आले नाहीत. व्यापाऱ्यानं ती घेतली, पण उलगडून काठावरून बोट फिरवताना त्यानं काकूकडे बघितलं, आणि काकूनं मान खाली घातली. ते सगळे दिवस मी समोर वेल्डिंग करत होतो. निदान तेवढे दिवस तरी थांबायला काय झालं होतं मला?

खोली तिनं आपणहून दिली. खड्डा मी मुरूम-गिट्टी टाकून भरला, वर काँक्रीट ओतलं, बोल्ट पुरले. लेथ आलं. लोक ते बघायला येऊ लागले, तशी उजेड दाखवायची गरज उरली नाही आणि वेल्डिंग मी घरामागे हलवलं. दहा-बारा दिवसांत काकूचे डोळे स्वच्छ झाले.

तिनं आपल्या परीनं हिशेब लावला. माग सुटला, डोळे सुधारले — म्हणजे दोष मागाचाच. गावभर सांगत सुटली, "ह्या बाबूनं मले मागावरून उठवलं, म्हणून माह्ये डोळे वाचले." गेली वीस वर्षं ती हेच सांगते आहे. माझ्या तोंडावर, पाहुण्यांसमोर, लग्नाकार्यात. लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. काकू सकाळी सूप घेऊन बसते आणि तांदळातला एक एक खडा वेचते, चष्म्याशिवाय.

गेल्या महिन्यात माझी सून, विणकराच्याच घरची पोरगी, तिच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, करवतकाठ मला शिकवा, आता गावात कोणाला येत नाही तसा, माळ्यावरच्या लाकडांचा माग उभा करू. काकूची बोटं सुपातच थांबली. क्षणभर ती हसलीसुद्धा, मी बघितलं. मग म्हणाली, "नको माय. डोळे जाते. ह्याले विचार."

दोघी माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "काकू खरं सांगून राहिली."

सुनेनं त्यानंतर शिकायचं नाव काढलं नाही.