लंडनचा तास आणि बाबांचं घड्याळ

उन्हाळ्यात मी सहाला घरी पोचायचो आणि हिवाळ्यात सातला. उन्हाळा-हिवाळा अर्थात लंडनचा, कारण सिंगापूरला दोन्ही नाहीत. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत मी खात्यांचा ताळमेळ घालायचं काम करायचो आणि माझा दिवस लंडनच्या कॉलने संपायचा. तिकडे सकाळचे नऊ वाजले की कॉल सुरू. उन्हाळ्यात तेव्हा आमच्याकडे दुपारचे चार वाजलेले असत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची मंडळी घड्याळं तासभर मागे करत आणि सोमवारपासून त्यांचे नऊ म्हणजे आमचे पाच होत.

बरीच वर्षं मला याचं काही वाटलं नव्हतं. सिंगापूर विषुववृत्ताला इतकं लागून आहे, की बाराही महिने दिवस साधारण बारा तासांचाच असतो. सातच्या आसपास उजाडतं, सातच्या आसपास मावळतं. त्यामुळे उजेड वाचवण्याचा प्रश्न आमच्यासाठी कागदावरचाच होता. मग सप्टेंबरमध्ये बाबा आले.

बाबा पुण्यात तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. इमारतीला लिफ्ट नाही. जूनमध्ये एका संध्याकाळी वीज गेली, जिन्यातली एक पायरी चुकली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज अर्धा तास चाला, म्हणजे सहा-आठ महिन्यांत जिने चढाल. बाबांना तेवढंच हवं होतं, आपल्या घरी परत जाणं. तोवर ते आमच्याकडे राहणार होते. फक्त त्यांची एक अट होती, अंधार पडल्यावर घराबाहेर पाऊल टाकणार नाही. इमारतीखाली रात्रभर दिवे असतात हे मी त्यांना सांगून पाहिलं.

"दिवे तिथेही होते," ते म्हणाले. "गेले ना?"

दुसरी गोष्ट त्यांच्या मनगटावर होती. त्यांनी घड्याळ पुण्याच्याच वेळेवर ठेवलं होतं, आमच्यापेक्षा अडीच तास मागे. औषधं, जेवण, झोप, सगळं त्या घड्याळाप्रमाणे. आम्ही साडेआठला जेवायला बसलो की ते म्हणत, "सहालाच? मी काय हॉस्पिटलमध्ये आहे?" आमच्या रात्री एकपर्यंत ते जागे असत आणि सकाळी साडेआठला उठत. तोवर मी ऑफिसात पोचलेलो असायचो. उरायची संध्याकाळ. सहाला मी घरी यायचो, ते बूट घालून दाराशी बसलेले असायचे आणि आम्ही कालव्याच्या कडेने चालायला जायचो. आधी वॉकर होता. महिन्याभरात काठी आली.

तसंच चालताना एकदा मी त्यांना सांगितलं, की पुढच्या आठवड्यात लंडनची घड्याळं बदलणार.

"म्हणजे सूर्य तोच, माणसं तीच, आणि घड्याळ खोटं बोलणार?"

"खोटं नाही हो. उन्हाळ्यात तिकडे चारच्याही आधी उजाडलं असतं. लोक झोपलेले. तो सकाळचा उजेड उचलून संध्याकाळी नेऊन ठेवतात. कामावरून आल्यावर उपयोगी पडतो."

"मग लवकर उठा म्हणावं. घड्याळाचे कान कशाला पिळता?"

"सगळ्यांनी एकदम लवकर उठायचं तर घड्याळच पिळावं लागतं. शाळा, दुकानं, गाड्या, सगळंच हलवायचं ना."

ते हसले. मग मी त्यांना सांगितलं, की नकाशा पाहिला तर इथलं घड्याळही सूर्याच्या तासभर पुढे आहे, तेही कायमचं. इथे डोक्यावर ऊन बाराला येत नाही, एकच्या सुमाराला येतं. म्हणून ऑफिस सुटल्यावर आम्हाला उजेड मिळतो.

"म्हणजे आपण दुसऱ्याच्या उजेडात चालतोय. कुणाच्या?"

"तुमच्या नातीच्या. ती साडेसहाला काळोखात शाळेची बस पकडते."

"तिला विचारलं होतं का कुणी?"

घरी येऊन त्यांनी खरंच तिला विचारलं. ती इथल्या मुलांसारखं शेपटाला 'लाह' जोडून म्हणाली, "सगळेच अंधारात जातात लाह, आजोबा."

तो सोमवार आला. कॉल पाचला सुरू झाला, सहाला संपला, आवरून मी घरी पोचलो तेव्हा सात वाजले होते. बाबा बूट घालून बसले होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, वाकून बूट काढले आणि म्हणाले, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बायकोचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, हार्बरफ्रंटला, ती माझ्याही नंतर यायची. घरातल्या घरात चला म्हटलं तर हॉलच्या चार फेऱ्यांनंतर ते खुर्चीत बसायचे. दुसऱ्या आठवड्यात बाथरूमला जाताना त्यांनी काठी सोडून वॉकर घेतला.

"सकाळी ने ना त्यांना," बायको म्हणाली.

"आठला निघावं लागतं मला."

"का पण? लंडन तासभर उशिरा जागं होतंय, तुझा दिवस तासभर उशिरा संपतोय. मग सुरू का नाही होत उशिरा?"

साडेआठला जागेवर असायचं, हे मी इतकं धरून बसलो होतो, की दर हिवाळ्यात पाच महिने मी रोज एक तास जास्त थांबत होतो. दुसऱ्यांचे आकडे तपासणाऱ्याने हा ताळा कधी घेतलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंना विचारलं. त्या इथल्याच, चिनी. त्यांनी स्क्रीनवरून नजरही काढली नाही.

"कॅन," त्या म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल'. "मार्चपर्यंत साडेनऊला ये. मला वाटायचं, तुला घरी करमत नाही."

माझा प्रश्न सुटला. बाबांचा सुटायचा होता.

"सकाळी सात? म्हणजे माझे साडेचार. साडेचारला कोण फिरतं? दूधवालेसुद्धा नाहीत."

"घड्याळ पुढे करा, बाबा."

"नाही करणार." त्यांनी मनगटावर दुसरा हात ठेवला. थोड्या वेळाने म्हणाले, "एकदा हे बदललं की मी इथलाच झालो."

तेव्हा मला कळलं, की ते घड्याळ औषधांसाठी नव्हतं. समजूत घालणं मला जमत नाही. मी जे माहीत होतं ते सांगितलं. "लंडनवाल्यांनी ऑक्टोबरात मागे केलंय, मार्चमध्ये पुढे करतील. दरवर्षी करतात. म्हणून लंडन कुठे जात नाही. पुण्याला निघाल तेव्हा परत मागे करा."

त्यांनी हात उचलून घड्याळाकडे पाहिलं. "पण अडीच तास एकदम? लंडनवालेसुद्धा एकच करतात."

"मग रोज अर्धा करू."

गोळ्यांचं डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. पाच दिवस रोज चहाच्या वेळी बाबा घड्याळाची किल्ली ओढून अर्धा तास पुढे करायचे आणि त्या दिवसाचं जेवण, झोप तेवढी अलीकडे यायची. सहाव्या दिवशी नुकतं उजाडलं होतं आणि ते दाराशी बूट घालून बसले होते.

सकाळ संध्याकाळपेक्षा गार निघाली. इमारतीखाली म्हाताऱ्या बायका हात हलवून व्यायाम करत असायच्या. "अंकल, स्लोली, स्लोली," असं त्या ओरडायच्या आणि बाबा मुद्दाम जरा भरभर चालायचे. डिसेंबरात काठी परत आली. जानेवारीत आम्ही लिफ्ट सोडून जिना धरला, आधी एक मजला, मग दोन. फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांनी तिसऱ्या मजल्यावर पोचून कठड्याला टेकत विचारलं, "पुण्याच्या पायऱ्या यापेक्षा उंच आहेत का रे?" मी फोन करून शेजाऱ्यांना मोजायला सांगितलं. उंच नव्हत्या.

मार्चच्या शेवटी लंडनने घड्याळ पुढे केलं. मी पुन्हा साडेआठला जाऊन सहाला घरी येऊ लागलो. संध्याकाळी जाऊ या का, असं बाबांना विचारलं.

"नको. मी सकाळी खाली जाऊन येतो. त्या बायका असतात." मग म्हणाले, "तू तिकीट बघ."

घड्याळं बदलू नयेत असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि दर वेळी पहिल्या आठवड्यात होणारे घोटाळे पाहिले की मलाही ते पटतं. पण ती बदलली नसती, तर आमची सकाळ कुणाच्या लक्षात आली नसती.

एप्रिलमध्ये चांगी विमानतळावर रांगेत उभे असताना बाबांनी काठी माझ्याकडे दिली आणि किल्ली ओढली.

"अडीच तास मागे ना?"

"अडीच."

त्यांनी काटे फिरवले, घड्याळ कानाशी धरून पाहिलं आणि काठी परत घेतली. "जा तू आता. चारचा कॉल आहे तुझा."