तार शाबूत होती

वसंता गेल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून धावलो. लोक म्हणाले, मित्र असावा तर असा... ऐकून मान वर करवेना.

मुलुंडच्या कारखान्यात आम्ही दोघे फिटर, बावीस वर्षं शेजारी शेजारी काम केलं. तो मालवणचा, तोंडाने फटकळ, मनाने मऊ. हृदयाची झडप बदलायला त्याची छाती उघडली आणि मधलं हाड पोलादी तारेने आवळून बंद केलं. तीन महिने काही उचलायचं नाही, ढकलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाचव्या आठवड्यात तो माझ्याकडे चहाला आला. रंगारी यायचे होते, लोखंडी कपाट भिंतीपासून सरकवायचं होतं. "हात लाव ना जरा," मी म्हणालो. तो कचरला. "अरे, स्टेनलेसची तार आहे ती! जन्मभर तारा पिळल्यात मी, तुटायची नाही." त्याने हात लावला. कपाट हललं आणि त्याच्या छातीत कट्कन वाजलं. ते मलाही ऐकू आलं.

"गप रव," घामाघूम होऊन तो म्हणाला, "कोणाक सांगू नको. खोकलो इलो म्हणान सांगतंय."

डॉक्टरांना आणि घरी वहिनींना त्याने तेच सांगितलं, जोराचा खोकला आला म्हणून. डॉक्टरांनी पुन्हा छाती उघडली. तार शाबूत होती. हाड जुळायच्या आधीच ताण आला आणि त्या तारेनेच ते चिरलं, असं ते म्हणाले. तार नुसती धरून ठेवते, जुळायचं काम हाडाचं. एवढं मला, फिटरला, कळू नये? पुन्हा बांधलं, पण आत पू झाला. महिनाभर तो झगडला. मी रोज भेटायला जायचो, आज वहिनींना सांगायचंच असं ठरवून, आणि मोसंबी ठेवून परत यायचो. भित्रा होतो, दुसरं काय!

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. स्वयंपाकघरात कढई पालथी घातलेली, तळण बंदच केलंय म्हणाल्या. "भावजी, हाड दुखावलं त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी हट्टाने भजी करायला लावली हो. त्या तेलकटानेच खोकला झाला. मीच मारलं त्यांना..." मी चहा प्यायलो आणि उठलो.

वहिनी, रविवारच्या पेपरची ही पुरवणी तुमच्याकडे येते. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितो. त्याला खोकला आलाच नव्हता. कपाट माझं होतं, हट्टही माझाच. तुम्ही कढई चढवा.